पावसाळा, लहान मुलं आणि टीव्ही : बघण्यातून शिकणं व्हावं म्हणून काय करायचं? (ठाणे–नवी मुंबई)

समिधा_कोपरखैरणे

शाळा सुरू झाल्या आणि पाऊसही लागला. आता दसऱ्यापर्यंत संध्याकाळच्या बागेचा भरवसा नाही. वन बीएचकेत चार-पाच माणसं, बाहेर धो धो पाऊस, अशा वेळी टीव्ही लागतोच. लागलाच तर त्यातून मुलाच्या पदरात काय पडेल, यावर इथे बोलू या. धागा दोन ते सहा वर्षांच्या मुलांपुरता ठेवू. मोठ्या मुलांचे प्रश्न निराळे आहेत.

वेळेचं आधी सांगते, म्हणजे त्यावर वाद नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या : दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत पडदा नको, दोन ते चार वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी असेल तर उत्तम. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने (इंडियन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स) २०२१ साली जवळपास हेच सांगितलं. दोन वर्षांखाली फक्त नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल, दोन ते पाचमध्ये एक तास, पाच ते दहामध्ये दोन तासांच्या आत. हा तास टीव्ही, मोबाइल, टॅब सगळ्यांचा मिळून. सकाळी दूध पिताना मोबाइलवर पंधरा मिनिटं गाणी झाली असतील तर ती यात धरायची. बहुतेक घरांत हिशेब तिथेच चुकतो.

आता खरा मुद्दा. लहान मूल पडद्यावरचं जसंच्या तसं उचलत नाही. ट्रोसेथ आणि डीलोच या अभ्यासकांचा १९९८ सालचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. दोन वर्षांच्या मुलांना शेजारच्या खोलीत खेळणं लपवताना टीव्हीवर दाखवलं, आणि मग ते शोधायला सांगितलं. बहुतेकांना जमलं नाही. तेच खिडकीतून दाखवलं तर सापडलं. अडीच वर्षांच्या मुलांना टीव्हीवर बघूनही बऱ्यापैकी जमलं. म्हणजे ‘पडद्यावरचं ते आणि आपल्या घरातलं हे एकच’ हा पूल मुलाच्या डोक्यात आपोआप बांधला जात नाही, तो मोठ्या माणसाने बांधून द्यावा लागतो. रोजच्या वीस मिनिटांत तो कसा बांधायचा ते एका उदाहरणाने सांगते.

समजा, बी रुजताना दाखवणारा पाच-सात मिनिटांचा व्हिडिओ निवडला.

लावण्याआधी दोन मिनिटं : डब्यातली मूठभर मटकी मुलाच्या तळहातावर ठेवायची. ‘कशी आहे? कडक की मऊ? आतून काय निघेल?’ उत्तर बरोबर यायची गरज नाही. आता मुलाला टीव्हीत शोधायला काहीतरी मिळालं.

बघताना : दोन किंवा तीनदाच थांबवायचं. दर अर्ध्या मिनिटाला थांबवलं की मूल वैतागतं आणि पुढच्या वेळी तुम्हाला शेजारी बसू देत नाही. कोंब फुटतो तिथे पॉज. ‘हे पांढरं काय आलं?’ एवढं विचारून गप्प बसायचं. मनात पाचपर्यंत मोजा. आपण दोनलाच उत्तर देऊन टाकतो.

बंद झाल्यावर लगेच : तीच मटकी वाटीत घालून तिच्या तिप्पट पाणी मुलाने ओतायचं. आठ-दहा तास भिजली की निथळून ओल्या फडक्यात बांधायची. आपल्याकडच्या दमट हवेत दहा-बारा तासांत मोड दिसतात. भर पावसात फडकं फार ओलं राहिलं तर मटकी चिकट होते आणि वास मारते. म्हणून फडकं घट्ट पिळूनच बांधा, आणि दिवसातून एकदा उघडून मुलाला दाखवा.

इथे एक हमखास चूक होते. व्हिडिओत बी दहा सेकंदांत रुजतं. चार वर्षांचं मूल पाच मिनिटांनी फडकं सोडतं, काही नसतं, की हिरमुसतं. पडद्यावर वेळ आवळलेला असतो हे या वयात कळत नाही. त्यासाठी एक कागद फ्रिजवर लावा : सकाळी एक चित्र, रात्री एक चित्र, दुसऱ्या दिवशी सकाळी एक. तीन चौकोन भरले की मूल स्वतःच सांगतं की टीव्हीत घाई केली होती. त्या दिवशी उसळही करा.

---

निनाद_घोडबंदर

समिधाताई, उपयोगी धागा. चार प्रश्न.

१. आई-बाबा दोघं सकाळी आठच्या आत घराबाहेर आणि परत यायला रात्रीचे आठ, अशी इथली निम्मी घरं. शेजारी बसायला माणूस नसेल तर?
२. बंद करताना होणारा आकांत.
३. एक मूल सव्वा वर्षाचं आणि एक साडेचारचं, टीव्ही मात्र एकच.
४. एकच भाग पंधरा दिवस बघायचा हट्ट. हे चांगलं की वाईट?

---

समिधा_कोपरखैरणे

चौथ्यापासून घेते, ते सोपं आहे. तोच भाग पुन्हा पुन्हा बघणं चांगलं. अमेरिकेत १९९६ साली ‘ब्लूज क्लूज’ हा शाळापूर्व मुलांचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा एकच भाग सोमवार ते शुक्रवार रोज दाखवायचे, तोही मुद्दाम. पहिल्या दिवशी मूल नुसतं बघतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते पडद्यावरच्या माणसाच्या आधी उत्तर देऊ लागतं. अभ्यासकांनीही हे तपासलं आणि पाचव्या वेळी मुलांची समज वाढलेलीच दिसली. त्यामुळे आठवड्याला एक किंवा दोन भाग पुरतात. रोज नवीन शोधत बसू नका. फक्त रोज प्रश्न बदला : सोमवारी ‘हे काय?’, बुधवारी ‘आता काय होणार?’, शुक्रवारी ‘तिने असं का केलं?’ तिसरा प्रकार तीन वर्षांखालच्या मुलाला विचारू नका, ते गोंधळतं.

बंद करण्याबद्दल. ‘अजून दोन मिनिटं हं’ असं आपण सगळे म्हणतो. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१६ साली एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या घरांतल्या नोंदी तपासल्या. दोन मिनिटांची सूचना दिल्यावर आकांत कमी होण्याऐवजी वाढलेला दिसला. सोपं गेलं ते भाग आपसूक संपला तिथे, किंवा बंद होणं रोजच्या क्रमाचाच भाग होता तिथे. आणि मिनिट म्हणजे काय हे तीन वर्षांच्या मुलाला माहीतच नसतं. म्हणून :

भागावर मोजा, मिनिटांवर नको. लावण्याआधी सांगा, ‘आज एक भाग, मग आपण कणकेचा हत्ती करू.’ कणीक आधीच मळून ताटलीत समोर ठेवा. पुढचं काम डोळ्यांसमोर हवं, नुसतं तोंडी आमिष चालत नाही. शेवटची गाण्याची पट्टी लागली की बंद करण्याचं बटण मुलानेच दाबायचं. भाग मध्यावर असताना कधीही बंद करू नका. आठ वाजता जेवायचं असेल आणि भाग बावीस मिनिटांचा असेल, तर सात अडतीसच्या आधी लावा, नाहीतर लावूच नका.

आणि ‘अजून एकच’ला चार दिवस नाही म्हणून पाचव्या दिवशी हो म्हटलं, की मूल शिकतं : रडणं जरा लांबवलं की मिळतं. तो पाचवा दिवस मागच्या चारांवर पाणी फिरवतो. घरात पाहुणे आले की हा दिवस हटकून येतो, म्हणून पाहुण्यांनाही आधी सांगून ठेवा.

---

ऐरोलीची_आजी

निनाद, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आम्हा आजी-आजोबांकडे आहे, म्हणून लिहिते. नातवंडं सांभाळणाऱ्यांनी सुना-मुलांकडून दोन गोष्टी मागून घ्याव्यात. एक, कोणता भाग लावायचा तो आधी ठरलेला असावा. रिमोट घेऊन शोधाशोध आमच्या गळ्यात नको. दोन, प्रश्न कागदावर मोठ्या अक्षरात लिहून टीव्हीजवळ चिकटवावेत. तीनच प्रश्न. कांदा चिरताना स्वयंपाकघरातूनही विचारता येतात : ‘आता कोण आलं रे?’ मांडीला मांडी लावून बसलंच पाहिजे असं नाही, मुलाला आपला आवाज यायला हवा.

आता आमच्या मालिकांचं काय, ते जाणकारांनी स्पष्ट सांगा. संध्याकाळी सात ते दहा टीव्ही सुरू असतो. नातवंड तिथेच खेळतं, बघत नाही. ते तासात धरायचं का?

---

वाचा_उच्चार

आजी, मी वाचा-उपचार (स्पीच थेरपी) करते. प्रश्न अगदी मोक्याचा विचारलात. हो, धरायचं. मूल बघत नसलं तरी त्याचा खेळ तुटतो. २००८ सालच्या एका अभ्यासात एक, दोन आणि तीन वर्षांच्या मुलांना खेळणी देऊन मागे मोठ्यांचा कार्यक्रम लावला. मुलं पडद्याकडे एका वेळी काही सेकंदच बघत होती, तरी एका खेळात रमण्याचा वेळ घटला. एका डब्यात दुसरा डबा घालून बघणं, सांडणं, पुन्हा घालणं, या सलगपणातच या वयाचं शिकणं आहे. मागच्या आवाजाने दर वेळी तो धागा तुटतो आणि मूल नवं काहीतरी उचलतं.

दुसरं नुकसान बोलण्याचं. क्रिस्टाकिस हे अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली लहान मुलांच्या अंगावर छोटे रेकॉर्डर लावून घरातले शब्द मोजले. ऐकू येणाऱ्या टीव्हीच्या दर तासामागे मुलाच्या कानी पडणारे मोठ्यांचे शब्द सरासरी ७७० ने कमी होते. मोठी माणसं टीव्ही बघताना गप्प बसतात, एवढं साधं कारण.

यावर मार्ग, आजींच्या मालिका न तोडता :

बहुतेक मराठी मालिकांचा भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा लागतो. मूल दुपारी झोपतं ती वेळ आणि पुनर्प्रसारण जुळवून बघा. जुळलं नाही तर वाहिनीच्या ॲपवर मोबाइलमध्ये, इअरफोन लावून. टीव्हीला ब्लूटूथ असेल तर हेडफोन टीव्हीलाच जोडता येतो, पण काही टीव्हींत हेडफोन जोडला की स्पीकर बंद होतो आणि काहींत दोन्ही चालू राहतात. घेण्याआधी दुकानात लावून बघा. सर्वांनी मिळून बघायची एकच मालिका ठेवायची असेल तर ती ठेवा, आणि त्या अर्ध्या तासात मूल दुसऱ्या माणसाबरोबर दुसऱ्या खोलीत किंवा जिन्यात. टीव्ही नुसता ‘असू दे सुरू’ म्हणून चालणं मात्र पूर्ण बंद.

निनाद यांच्या तिसऱ्या प्रश्नालाही हेच लागू. सव्वा वर्षाच्या बाळाला टीव्हीतून शब्द मिळत नाहीत, ते माणसाच्या चेहऱ्याकडे बघून मिळतात. मोठ्याचा भाग धाकट्याच्या झोपेच्या वेळेत बसवा. जमलं नाही तर धाकट्याला पडद्याकडे पाठ करून मांडीवर, हातात वाटी-चमचा.

---

निनाद_घोडबंदर

वाचा-उच्चार, भाषेबद्दल विचारतो. इमारतीत मुलांची खेळायची भाषा हिंदी, कार्टूनही हिंदी. घरात मराठी असूनही मुलं ‘मुझे नहीं चाहिए’ म्हणतात. इंग्रजी शाळेसाठी इंग्रजी कार्टून लावावं असा सल्लाही मिळतो.

---

वाचा_उच्चार

दोन-तीन भाषा ऐकल्याने मूल उशिरा बोलतं हा गैरसमज आहे. ठाण्यात तीन भाषा कानावर पडणारच आणि मूल त्या पेलतं. पण भाषा येते ती देवाणघेवाणीतून. टीव्ही फक्त देतो, घेत नाही. इंग्रजी कार्टून लावून दोन वर्षांच्या मुलाला रंगांची नावं पाठ होतात, पण बाजारात वांगं दाखवून ‘कोणता रंग?’ विचारलं की मूल गप्प बसतं. त्याच्यासाठी ‘पर्पल’ ही त्या गाण्यातल्या फुग्याची ओळ असते.

एक उपाय सांगते, करून बघाच : आवाज पूर्ण बंद करा आणि आपण मराठीत सांगा. प्राणी, गाड्या, कुंभार, शेत, मासेमारी, अशी चित्रं ज्यात आहेत तो कोणताही पाच मिनिटांचा तुकडा चालतो. ‘बघ, जाळं टाकलं. ओढलं. काय अडकलं त्यात?’ वाक्य मुलाच्या वाक्यापेक्षा एका-दोन शब्दांनीच मोठं ठेवा. मूल ‘मासा’ म्हणालं तर ‘मोठा मासा’, ‘मोठा मासा’ म्हणालं तर ‘मोठा मासा उडी मारतो’. घरात आगरी किंवा कोळी बोली असेल तर त्याच बोलीत सांगा. प्रमाण भाषेच्या हट्टापायी आजी-आजोबा अवघडून गप्प बसतात, ते फार मोठं नुकसान आहे.

आणखी एक, कळकळीने. सध्या ‘टीव्हीमुळे ऑटिझम झाला’ असं सर्रास बोललं जातं. त्यामुळे दोन टोकं होतात : पालक स्वतःला दोष देत बसतात, किंवा ‘टीव्ही बंद केला, आता होईल ठीक’ म्हणून तपासणी सहा महिने लांबवतात. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत ‘पाणी दे’सारखी दोन शब्दांची स्वतःची वाक्यं नाहीत, नाव घेतल्यावर वळून बघत नाही, बोट दाखवत नाही, किंवा आधी येणारे शब्द गेले, यांतलं काहीही असेल तर टीव्ही कमी कराच, आणि त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा. श्रवण तपासणी आधी. जाहिराती पाठ म्हणतो म्हणजे ऐकू नीट येतं, असं गृहीत धरू नका. आणि जाहिराती पाठ म्हणणं म्हणजे बोलणंही नव्हे.

---

कळवा_केबल

सेटिंगचं मी सांगतो. समिधाताईंचं ‘एक भाग’ हे गणित यंत्रात अडतं, कारण यंत्र पुढचा भाग आपणच लावतं.

यूट्यूब टीव्हीवर : सेटिंग्जमध्ये ऑटोप्ले बंद करा. मोबाइलवर बंद केलं म्हणून टीव्हीवर बंद झालं असं धरू नका, टीव्हीच्या ॲपमध्ये जाऊन स्वतः बघा. टीव्ही बदलला किंवा ॲप पुन्हा टाकलं की परत तपासा.

यूट्यूब किड्स : वयाचे तीन गट असतात, चार आणि त्याखाली, पाच ते आठ, नऊ ते बारा. पण गट निवडला म्हणजे काम झालं असं नाही, त्यातही काहीही येतं. चौथा पर्याय असतो, पालकांनी स्वतः मान्य केलेलेच व्हिडिओ दाखवायचा. तो घ्या. त्यात शोध आपोआप बंद होतो. दहा-बारा व्हिडिओ टाकून ठेवा. सुरुवातीला अर्धा तास जातो, पण नंतर निवांत.

नेटफ्लिक्ससारख्या सेवेत : मुलांचं वेगळं प्रोफाइल, आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन. पुढचा भाग आपोआप लागणं प्रत्येक प्रोफाइलला वेगळं बंद करावं लागतं. लोक स्वतःच्या प्रोफाइलमध्ये बंद करतात आणि मुलाच्या प्रोफाइलमध्ये चालूच राहतं.

सेट टॉप बॉक्स : चाइल्ड लॉकचा पिन बहुतेक वेळा कारखान्यातून ०००० किंवा १२३४ असाच येतो, तो आधी बदला. मुलासमोर पिन दाबू नका. चार वर्षांचं मूल आकडे वाचत नसलं तरी बोटाची जागा बरोबर लक्षात ठेवतं. नको त्या वाहिन्या एकेक करून लॉक करण्यापेक्षा ‘फेव्हरिट’ यादीत हव्या त्या चार टाका.

आणि माझ्या मते सगळ्यांत चांगला उपाय : पेन ड्राइव्ह. जाहिरात नाही, सुचवण्या नाहीत, पाऊस आला, नेट गेलं तरी चालतं. ८ किंवा १६ जीबीचा घ्या. फॉरमॅट, म्हणजे ड्राइव्हवर फाइल साठवायची पद्धत, एफएटी३२ ठेवा. जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत, एफएटी३२ सगळे वाचतात. त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही, पण वीस मिनिटांच्या व्हिडिओला तेवढी लागतही नाही. फाइल एमपी४, एच.२६४ प्रकारची हवी. नव्या फोनवर काढलेले व्हिडिओ बऱ्याचदा एच.२६५ असतात, ते जुन्या टीव्हीवर नुसता आवाज देतात, चित्र येत नाही. फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये आधीच बदलून ठेवा. फाइलच्या नावाआधी ०१, ०२ असे आकडे टाका म्हणजे क्रम लागतो. मालकाने परवानगी दिलेले किंवा स्वतः काढलेलेच व्हिडिओ भरा.

---

चष्मा_वाशी

डोळ्यांचं थोडक्यात. पडद्याच्या उंचीच्या पाचपट लांब बसवा : ३२ इंची टीव्हीला साधारण साडेसहा फूट, ४३ इंचीला पावणेनऊ फूट. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये ४३ च्या वरचा टीव्ही लहान मुलांच्या दृष्टीने मोठाच. टीव्ही छताजवळ लावला असेल तर जमिनीवर बसलेलं मूल मान वर करून बघतं. पडद्याचा मध्य जमिनीपासून अडीच फुटांच्या आसपास बरा. पावसाळी दुपारी खोलीत अंधार असतो, तेव्हा दिवा लावून बघा आणि पडद्याचा उजेड कमी करा.

मूल सारखं टीव्हीजवळ सरकत असेल तर रागावू नका, डोळे तपासा. जवळ बसल्याने नंबर आला असं म्हणतात, पण बऱ्याचदा नंबर आहे म्हणून ते जवळ बसतं. शाळेत घालण्याआधी, तीन-साडेतीन वर्षांचं असताना एकदा तपासणी कराच, तक्रार नसली तरी.

लघुदृष्टी (लांबचं धूसर दिसणं) टाळायला सगळ्यांत उपयोगी दिवसाचा बाहेरचा उजेड. ढगाळ दिवशीही बाहेरचा प्रकाश घरातल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. म्हणून पावसाने उघडीप दिली की टीव्हीचा ठरलेला वेळ पुढे ढकलून आधी खाली उतरा.

---

समिधा_कोपरखैरणे

चष्मा_वाशी यांच्या शेवटच्या वाक्याला शंभर टक्के अनुमोदन. खाली उतरल्यावर काय करायचं तेही टीव्हीला जोडता येतं. आत्ता, जून-जुलैत, सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीवर गोगलगायी असतात. आदल्या दिवशी पडद्यावर पाहिलेली गोगलगाय आणि ही, दोन्हींत फरक काय? ऑगस्टमध्ये कुंभारकामाचा तुकडा बघा आणि शाडू मातीचा गोळा हातात द्या. मूर्ती झाली नाही तरी चालेल, माती सुकताना भेगा का पडतात ते बोटाला कळेल.

नोव्हेंबरनंतर रोहित पक्ष्यांचा (फ्लेमिंगोंचा) तुकडा दाखवून ऐरोलीच्या खाडीकिनारी जैवविविधता केंद्रात किंवा नेरूळच्या पाणथळीवर न्या. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत आहे, इतकी मोलाची जागा आपल्या दाराशी आहे. जाण्याआधी भरती-ओहोटीची वेळ बघा. ओहोटीला चिखल उघडा पडला की पक्षी चरायला उतरतात. व्हिडिओत सगळे गुलाबी दिसतात, इथे मुलाला राखाडीही दिसतील. ‘हे घाणेरडे झालेत का?’ असं विचारेल. ती पिल्लं असतात, खाण्यातल्या शेवाळ-कोळंबीतून रंग नंतर चढतो, हे तिथेच उभं राहून सांगा.

कोणता कार्यक्रम निवडावा हे कुणी विचारलं नाही, पण खुणा सांगून ठेवते. एक दृश्य निदान सात-आठ सेकंद टिकतं का, ते मोजा. दर दोन सेकंदाला चित्र बदलत असेल तर नको. २०११ साली चार वर्षांच्या साठ मुलांवर प्रयोग झाला : वेगवान, अद्भुत कार्टून फक्त नऊ मिनिटं पाहिल्यावर लगेच दिलेल्या लक्ष आणि संयमाच्या कामांत ती मुलं, चित्र काढत बसलेल्या आणि संथ शैक्षणिक कार्यक्रम पाहणाऱ्या मुलांपेक्षा मागे पडली. म्हणून शाळेच्या बसआधी किंवा जेवणाआधी असलं काही लावू नका. दुसरी खूण : पात्र प्रश्न विचारून थांबतं का? तिसरी : गोष्ट सरळ पुढे जाते का? मागचं आठवणं, स्वप्न, पुन्हा दाखवणं हे चार-पाच वर्षांखाली कळत नाही. क्रिकेटमध्ये तोच झेल पुन्हा दाखवला की लहान मुलाला दुसरा माणूस बाद झाला असं वाटू शकतं.

तीन वर्षांच्या मुलांना तर पडद्यातल्या वस्तू खऱ्याच वाटतात. १९९० सालच्या एका अभ्यासात विचारलं होतं की टीव्ही उलटा केला तर त्यात दिसणाऱ्या वाडग्यातल्या लाह्या सांडतील का? तीन वर्षांची मुलं हो म्हणाली, चार वर्षांची नाही म्हणाली. त्यामुळे मारामारी, आग, पूर यांच्या बातम्या या वयाच्या मुलांसमोर नकोतच. जुलैत पाणी तुंबल्याची दृश्यं दिवसभर फिरतात. प्रत्येक वेळी मुलाला वाटतं, पुन्हा नवीन पूर आला आणि आई अजून गाडीत आहे.

पहिलीतल्या मुलांसाठी २०२० मध्ये टाळेबंदीत दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर सुरू झालेली ‘टिलीमिली’ ही मालिका बालभारतीच्या पाठांवर बेतलेली आहे, तिचे पहिलीचे भाग बघा.

---

निनाद_घोडबंदर

समिधाताई, वाचायला लागलेल्या मुलासाठी खाली अक्षरं येतात त्याचा उपयोग होतो का?

---

वाचा_उच्चार

होतो, पण अक्षरं त्याच भाषेतली हवीत. मराठी गाणं, खाली मराठी ओळ. अहमदाबादच्या आयआयएममध्ये ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून हेच काम केलं : दूरदर्शनवरच्या चित्रपटगीतांखाली त्याच भाषेत शब्द, आणि गायलं जाईल तसा रंग बदलणारा. गाणं तोंडपाठ असतं म्हणून डोळा पुढचा शब्द आधीच शोधतो. पाच वर्षांनंतर, अक्षरओळख झाल्यावर सुरू करा. इंग्रजी कार्यक्रमाखाली मराठी ओळी लहान मुलाच्या कामाच्या नाहीत, त्याला तेवढ्या वेगाने वाचता येत नाही.

---

ऐरोलीची_आजी

केबलवाल्या दादांचं पेन ड्राइव्हचं फार पटलं. आम्हीच गोष्टी सांगितल्या आणि त्या भरल्या तर? मुलगा-सून कामावर आणि आम्ही गावी, अशा दिवसांसाठी.

---

समिधा_कोपरखैरणे

आजी, याहून चांगला कार्यक्रम बाजारात नाही. मूल ओळखीच्या माणसाकडून पडद्यावरही जास्त शिकतं. फोन आडवा धरा, एखाद्या उंच डब्याला टेकवा, चेहरा आणि हात दोन्ही दिसू द्या. खिडकी तुमच्या समोर असावी, पाठीमागे नको, नाहीतर चेहरा काळा येतो. पंखा बंद, कुकर उतरल्यावर. एक गोष्ट पाच मिनिटांच्या आत. हातात खरी वस्तू घ्या : भोपळ्यातली म्हातारी सांगताना भोपळा, चिमणी-कावळ्याची सांगताना शेणा-मेणाऐवजी वाटी आणि कापूस. गोष्टीत तीनदा प्रश्न विचारा आणि कॅमेऱ्याकडे बघत चार सेकंद गप्प राहा. घरी एकटीने बोलताना ते चार सेकंद फार लांब वाटतात, पण कापून टाकू नका. तेवढ्यातच नातवंड उत्तर देतं. मग ‘हो ना, बरोबर’ न म्हणता ‘मला वाटतं ती घाबरली’ असं म्हणा, म्हणजे मुलाचं उत्तर वेगळं असलं तरी गाडी पुढे जाते.

---

कळवा_केबल

आजी, रेकॉर्ड करण्याआधी फोन एअरप्लेन मोडवर टाका, मध्येच फोन आला की काही फोनमध्ये रेकॉर्डिंग तुटतं. आणि टीव्हीवर यूएसबीत गेल्यावर प्लेअरच्या मेनूत ‘रिपीट’ बघा. बऱ्याच टीव्हींत ते ‘ऑल’वर असतं. ‘ऑफ’ केलं की एक गोष्ट संपल्यावर पडदा यादीवर येऊन थांबतो.